क्लीव्हची ॲन : राणीपदानंतरची सतरा वर्षं

१५४० च्या जून महिन्यात, २४ तारखेला, इंग्लंडची राणी ॲन हिला रिचमंडच्या राजवाड्यात हलवण्यात आलं. थेम्सकाठची तिथली मोकळी हवा तिला मानवेल, असं कारण सांगितलं गेलं. राजाही मागोमाग येईल असं तिला कळवलं होतं. राजा आला नाही. बारा दिवसांनी, ६ जुलैला, त्याने पाठवलेले अधिकारी आले. राजा-राणीचा विवाह कायदेशीर आहे का, याबद्दल शंका निघाली आहे. तिचा निवाडा धर्मगुरूंच्या परिषदेकडे सोपवायचा आहे. राणीने त्याला संमती द्यावी, असा त्यांचा निरोप होता. तिच्या माहेरचा, म्हणजे क्लीव्हच्या डचीचा दूत कार्ल हार्स्ट त्या वेळी तिच्याजवळ होता. दगडालाही पाझर फुटावा असा तिचा आक्रोश झाल्याचं त्याने मायदेशी कळवलं.

ती चोवीस वर्षांची होती. इंग्लंडमध्ये येऊन तिला जेमतेम सहा महिने झाले होते आणि इंग्रजी ती अजून शिकतच होती. तिचं लग्न जुळवणारा मंत्री टॉमस क्रॉमवेल १० जूनपासून टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत होता. तिच्याच नावाच्या आधीच्या एका राणीचं, ॲन बुलिनचं, शिर याच राजाच्या हुकमाने धडावेगळं झालं होतं, त्याला फक्त चार वर्षं लोटली होती. रात्री-अपरात्री राजाची माणसं दारात उभी राहिली की काय होऊ शकतं, हे समजायला भाषा यावी लागत नव्हती.

आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांची गोष्ट सांगताना या चौथ्या राणीला बहुधा एकच प्रसंग दिला जातो: राजाने चित्र पाहून होकार दिला, प्रत्यक्षात ती आवडली नाही, म्हणून सोडून दिली. गोष्ट तिथेच संपवली जाते. ॲन मात्र त्यानंतर सतरा वर्षं इंग्लंडमध्ये राहिली. त्या काळात तिने तीन राजवटी पाहिल्या, घरं चालवली, भाडी आणि नेमणुका वसूल करण्यासाठी राजदरबाराशी पत्रव्यवहार केला, राजकन्यांशी स्नेह जोडला. राणी असण्याचा काळ तिच्या आयुष्यात सहा महिन्यांचा. ‘राणी नसलेली राजस्त्री’ म्हणून जगण्याचा काळ त्याच्या चौतीसपट.

ॲनचा जन्म १५१५ मधला, डुसेलडॉर्फचा. वडील योहान हे क्लीव्हचे ड्यूक, आई मारिया युलिश-बेर्ग घराण्याची. ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यातला हा मुलूख आकाराने मध्यम, पण मोक्याच्या जागी होता. थोरली बहीण सिबिला सॅक्सनीच्या इलेक्टरला, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या पुढाऱ्याला दिलेली. क्लीव्हचं घराणं स्वतः ल्यूथरपंथी नव्हतं. पोपची सत्ता झुगारण्याइतकं पुढे न जाता चर्चमध्ये सुधारणा कराव्यात, असं तिथलं धोरण होतं. मुलींना आईच्या नजरेखाली वाढवलं जाई. हेन्रीचा दूत निकोलस वॉटन याने पाहून कळवलं की ॲनला जर्मन लिहिता-वाचता येतं, फ्रेंच किंवा लॅटिन येत नाही. तिचा वेळ शिवणकामात जातो. गाणं-वाजवणं तिला शिकवलेलं नाही, कारण थोर घरच्या बायकांना ते शोभत नाही असं तिकडे मानतात. हेन्री स्वतः वाद्यं वाजवणारा, गाणी रचणारा माणूस. त्याच्या आधीच्या राण्यांपैकी दोघी भाषा-विद्या-संगीतात तयार होत्या. या दोन घरांच्या संस्कारांत किती अंतर होतं, ते या एका अहवालात दिसतं.

तरीही लग्न ठरलं ते राजकारणाने. १५३९ च्या आरंभी सम्राट पाचवा चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यांनी आपसांत मैत्रीचा तह केला. पोपशी फारकत घेतलेल्या इंग्लंडवर दोघे मिळून चाल करतील, अशी भीती लंडनमध्ये होती. त्याच वर्षी ॲनचा भाऊ विल्हेल्म क्लीव्हचा ड्यूक झाला. गेल्डर्सच्या प्रदेशावरून त्याचं सम्राटाशी भांडण पेटलं होतं. सम्राटाचा शत्रू तो आपला मित्र, या हिशेबाने क्रॉमवेलने सोयरीक पुढे रेटली. चित्रकार हान्स होल्बाइनला पाठवून ॲन आणि तिची धाकटी बहीण अमालिया या दोघींची चित्रं काढून घेतली. ॲनचं ते चित्र आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे: समोर पाहणारी, हात जुळवून उभी, लाल मखमलीत आणि सोन्याच्या कामात मढलेली तरुणी.

तिचा प्रवास खडतर झाला. ऐन हिवाळ्यात खुष्कीच्या मार्गाने ती ११ डिसेंबरला कॅलेला पोचली आणि वादळी हवेमुळे तिथे दोन आठवडे अडकून पडली. तेवढ्यात तिने काय केलं? सोबतीला आलेल्या इंग्लिश नौदलप्रमुखाला विनंती करून राजाच्या आवडीचा पत्त्यांचा खेळ शिकून घेतला. परक्या घरी नांदायला निघालेल्या मुलीची ही तयारी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हाच स्वभाव तिला पुढे तारणार होता.

१ जानेवारी १५४० ला रॉचेस्टरमध्ये हेन्री वेषांतर करून तिला भेटायला आला. शूर पुरुषाने अनोळखी रूपात यावं आणि प्रेयसीने त्याला मनाने ओळखावं, ही दरबारी काव्यांतली कल्पना त्याच्या आवडीची होती. ॲनला या खेळाची काहीच कल्पना नव्हती. ती खिडकीतून खाली चाललेला बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ पाहत होती. साध्या कपड्यांतला, अठ्ठेचाळीस वर्षांचा, स्थूल माणूस आत येऊन सलगी करू लागला. तिने त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि पुन्हा खिडकीकडे वळली. तिच्या जागी कोणतीही सभ्य मुलगी हेच करती. राजाच्या मनातून मात्र ती त्याच क्षणी उतरली. लग्न टाळता येतं का, हे त्याने पाहिलं. लहानपणी, १५२७ मध्ये, तिची सोयरीक लोरेनच्या ड्यूकच्या मुलाशी ठरली होती. ती रीतसर मोडल्याचे कागद कुठे आहेत, असा प्रश्न काढून विवाह दोन दिवस लांबवला. आपण कोणत्याही बंधनात नाही, असं ॲनने लिहून दिलं. ६ जानेवारीला ग्रीनिचच्या राजवाड्यात आर्चबिशप क्रॅनमरने दोघांचं लग्न लावलं.

त्या वेळी तिला पाहिलेल्या फ्रेंच दूताने, शार्ल द मारियाकने, तिचं वर्णन केलं आहे: उंच, सडपातळ, रूपाने बेताची, वयापेक्षा मोठी वाटणारी, पण चेहऱ्यावर ठामपणा आणि निर्धार. ‘फ्लँडर्सची घोडी’ हे विशेषण हेन्रीच्या तोंडी घातलं जातं, ते त्या काळच्या कोणत्याही कागदात नाही. शंभराहून अधिक वर्षांनी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बिशप बर्नेटच्या इतिहासग्रंथातून ते प्रचारात आलं. ज्यांनी तिला डोळ्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी मारियाकची नोंद जास्त मोलाची, कारण त्याला तिची स्तुती करण्याचं कारण नव्हतं. निर्धार त्याच्या नजरेतून सुटला नाही.

पती-पत्नीचा संबंध या लग्नात कधीच आला नाही. हेन्रीचा दोष तिच्या शरीराला देणारी बोलणी त्याच्या वैद्यांच्या आणि सरदारांच्या जबान्यांत नोंदली गेली आहेत. तिला मात्र कोणी विचारलं नाही. वसंत ऋतूपर्यंत राजाचं मन तिच्याच परिवारातल्या एका तरुण मुलीवर, कॅथरिन हॉवर्डवर, बसलं होतं. त्यातच फ्रान्स आणि सम्राट यांच्या मैत्रीत भेगा दिसू लागल्या आणि क्लीव्हच्या सोयरिकीची राजकीय गरजही ओसरली.

मग निवाडा झाला. तोही चटकन: ७ जुलैला धर्मपरिषद बसली आणि ९ जुलैला तिने विवाह मुळातच रद्दबातल असल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ संसदेनेही त्यावर शिक्का मारला. कारणं तीन दिली गेली: लोरेनची जुनी सोयरीक, राजाने मनापासून संमती दिली नव्हती हा दावा, आणि पती-पत्नीचा संबंध न येणं. हा घटस्फोट नव्हता. घटस्फोटात लग्न होतं आणि संपतं. इथे लग्न कधी झालंच नव्हतं, असं ठरलं. त्यामुळे ॲन राणी होती, हेही कायद्याने पुसलं गेलं.

हेन्रीने हे हत्यार तिसऱ्यांदा उपसलं होतं आणि तिन्ही वेळा क्रॅनमरच त्यात होता. पहिली राणी कॅथरिन ऑफ ॲरॅगॉन हिचा जवळजवळ चोवीस वर्षांचा संसार १५३३ मध्ये त्याने रद्द ठरवला. तिने तो निकाल मरेपर्यंत मान्य केला नाही. ‘राजपुत्राची विधवा’ हा दर्जा तिने धुडकावला आणि आपण राणी आहोत यावर ती अडून राहिली. परिणामी तिला एकेका ओलसर, आडवाटेच्या वाड्यात हलवलं गेलं, नोकरचाकर कमी केले गेले, आणि एकुलत्या एक मुलीला, मेरीला, भेटू दिलं गेलं नाही. जानेवारी १५३६ मध्ये किंबोल्टनला ती वारली. ॲन बुलिनचा विवाह १७ मे १५३६ ला रद्द झाला आणि १९ मेला तिचा शिरच्छेद झाला. म्हणजे नकार देणारीचं काय होतं आणि ज्या राणीला नकाराची संधीच मिळत नाही तिचं काय होतं, ही दोन्ही उदाहरणं रिचमंडमधल्या तरुणीसमोर होती. पाठीशी सम्राट असलेल्या कॅथरिनलाही काही वाचवता आलं नव्हतं. ॲनच्या पाठीशी सम्राटाशीच वैर घेऊन बसलेला भाऊ होता.

११ जुलैला तिने राजाला पत्र लिहिलं. धर्मपरिषदेचा निर्णय मान्य आहे, आपण स्वतःला यापुढे त्याची पत्नी म्हणवणार नाही, त्याच्या कृपेवर आपला भरवसा आहे, अशा आशयाचं. पत्राखाली तिने राणी म्हणून सही केली नाही. ‘क्लीव्हची कन्या ॲना’ अशी केली आणि स्वतःला राजाची बहीण व सेविका म्हटलं. हेन्रीला हे इतक्या सहज होईल असं वाटलं नव्हतं. त्याचं समाधान एका पत्राने झालंही नाही. बाईचा शब्द उद्या फिरला तर काय, या शंकेने त्याने तिच्याकडून भावालाही जर्मनमध्ये पत्र लिहवून घेतलं. तिने तेही लिहिलं. लग्नाची अंगठी परत पाठवली आणि ज्या वस्तूला आता काही अर्थ उरला नाही ती मोडून टाकावी, असा निरोप दिला.

काही जण याला शरणागती म्हणतील. पण त्या पत्रांच्या बदल्यात तिने काय मिळवलं, ते पाहिलं पाहिजे. रिचमंडचा राजवाडा, सरेमधलं ब्लेचिंगली, केंटमधलं हीव्हर आणि इतर अनेक जहागिरी तिला तहहयात मिळाल्या. त्यांचं उत्पन्न वर्षाला तीन ते चार हजार पौंडांच्या घरात होतं, म्हणजे राज्यातल्या श्रीमंत उमरावांच्या तोडीचं. दागिने, भांडी, गालिचे, स्वतःचा नोकरवर्ग मिळाला. मानाच्या क्रमात राजाची राणी आणि राजकन्या सोडल्या तर देशातल्या सगळ्या स्त्रियांत तिचं स्थान पहिलं ठरलं. अटी दोन होत्या: तिने इंग्लंड सोडायचं नाही, आणि परदेशातून आलेली पत्रं राजाला दाखवायची. पुन्हा लग्न करायला ती कायद्याने मोकळी होती. पण तिला मिळालेलं सगळं राजाच्या मर्जीवर अवलंबून असताना तिच्याशी लग्न करण्याचं धाडस कोण करणार?

या घरांचा इतिहास पाहिला की त्या दरबाराची रीत कळते. हीव्हर हे ॲन बुलिनचं माहेर. तिचा बाप १५३९ मध्ये वारल्यावर ते राजाकडे आलं. ब्लेचिंगली सर निकोलस केर्‍यूचं होतं. त्याचा १५३९ मध्ये शिरच्छेद झाला. लुइस या गावाजवळच्या मठाची मालमत्ता क्रॉमवेलला मिळाली होती. २८ जुलै १५४० ला त्यालाही मृत्युदंड झाला आणि त्या मालमत्तेतला मोठा वाटा ॲनकडे वळवला गेला. लुइसमध्ये ‘ॲन ऑफ क्लीव्ह्ज हाउस’ या नावाचं जुनं लाकडी बांधणीचं घर आजही संग्रहालय म्हणून उभं आहे. ती तिथे कधी राहिली नव्हती; ते फक्त तिच्या उत्पन्नाचा भाग होतं. ज्याने तिचं लग्न जुळवलं त्या माणसाच्या पडझडीतून तिची पोटगी उभी राहिली. क्रॉमवेलला मृत्युदंड झाला, त्याच दिवशी हेन्रीने कॅथरिन हॉवर्डशी लग्न केलं.

रिचमंडमध्ये ॲनचा मोकळा श्वास सुरू झाला, असं त्या ऑगस्टमधल्या बातम्यांवरून दिसतं. ती आनंदात आहे आणि रोज नवा पोशाख घालते, असं मारियाकने कळवलं. हेन्री स्वतः तिच्याकडे रात्रीच्या जेवणाला आला. दोघांचं इतकं छान जमलं की तो तिला परत नेणार, अशी कुजबुज उठली. आपल्या मानाचा प्रश्न तिने पुढच्या नव्या वर्षाच्या सणात सोडवला. ३ जानेवारी १५४१ ला ती हॅम्प्टन कोर्टला आली. भेट म्हणून तिने जांभळ्या मखमलीच्या झुली घातलेले दोन उत्तम घोडे आणले होते. नव्या राणीसमोर तिने गुडघे टेकले. ती नवी राणी वर्षापूर्वी तिच्या सेवेत होती. कॅथरिनने तिला उठवलं, प्रेमाने वागवलं. राजा झोपायला गेल्यावर दोघींनी एकमेकींबरोबर नृत्य केलं. राजाने कॅथरिनला दिलेली एक अंगठी आणि दोन लहान कुत्री तिने तिथल्या तिथे ॲनला दिली. सम्राटाचा दूत युस्टास शापुई याने हे सगळं तपशिलाने टिपून ठेवलं आहे. ॲनने त्या दिवशी जे केलं ते सोपं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि त्या एका कृतीने दरबारातलं आपलं स्थान पक्कं केलं. त्यानंतर तिच्या येण्याने कोणाला अवघडायला झालं नाही.

तिचं मन पूर्ण शांत होतं असं मात्र नाही. १५४१ च्या अखेरीस कॅथरिन हॉवर्डवर व्यभिचाराचे आरोप आले आणि फेब्रुवारी १५४२ मध्ये तिचाही शिरच्छेद झाला. तेव्हा क्लीव्हच्या दूताने ॲनला पुन्हा राणी करून घ्यावं, अशी मागणी दरबारात केली. ती फेटाळली गेली. त्याच सुमारास ॲनला राजापासून मूल झाल्याची अफवा पसरली. राजाच्या सल्लागार मंडळाने चौकशी करून अफवा पसरवणाऱ्यांना कैदेत टाकलं. जुलै १५४३ मध्ये हेन्रीने कॅथरिन पारशी सहावं लग्न केलं, तेव्हा ॲन दुखावली, आपल्यापेक्षा रूपाने कमी असलेल्या बाईला राजाने पसंत केलं असं तिला वाटलं, असं शापुईने लिहिलं आहे. हेन्रीच्या तावडीतून सुटली म्हणून ती सुखी झाली, हे आजच्या वाचकाला पटकन पटतं. तिच्या दृष्टीने राणीपद हे तिचं हक्काचं होतं आणि ते परत मिळावं ही आशा तिने बराच काळ धरली होती.

माहेरची वाट तोवर बंद होत आली होती. १५४१ मध्ये भाऊ विल्हेल्मने फ्रान्सशी मैत्री जोडण्यासाठी नवारच्या राजकन्येशी, झान द आल्ब्रेशी, लग्न केलं. मुलगी बारा वर्षांची होती आणि तिचा लग्नाला सक्त विरोध होता. ती वेदीकडे चालायला तयार होईना, तेव्हा फ्रान्सच्या सेनापतीने तिला अक्षरशः उचलून नेलं. १५४३ मध्ये सम्राटाने विल्हेल्मचा पराभव केला. व्हेनलोच्या तहाने त्याला गेल्डर्स सोडावं लागलं आणि फ्रान्सची बाजूही. मग त्या लग्नाचा उपयोग संपला आणि १५४५ मध्ये पोपने तेही रद्दबातल ठरवलं. झान पुढे नवारची राणी झाली, फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीची आई. भाऊ-बहीण दोघांचीही लग्नं अशी आघाड्यांबरोबर जुळली आणि आघाड्यांबरोबर मोडली. फरक एवढाच की विल्हेल्म आपल्या राज्यात राहिला आणि पुढच्याच वर्षी सम्राटाच्या पुतणीशी लग्न करून मोकळा झाला. ॲनची आई १५४३ मध्येच वारली. तिला शेवटचं भेटणं ॲनच्या नशिबी नव्हतं.

२८ जानेवारी १५४७ ला हेन्री मेला. त्याने मानलेली बहीण आता नऊ वर्षांच्या सहाव्या एडवर्डच्या राज्यात नको असलेली खर्चाची बाब ठरली. हेन्रीने शेवटच्या वर्षांत नाण्यांतली चांदी कमी करत नेली होती आणि एडवर्डच्या सल्लागारांनी तेच पुढे चालवलं. धान्य, कापड, जळण सगळं महाग झालं. ॲनचं उत्पन्न मात्र १५४० च्या आकड्यांवर अडकलं होतं, आणि तेही वेळेवर मिळेना. दरबारातल्या टॉमस कॉर्डेन या वजनदार अधिकाऱ्याला ब्लेचिंगली हवं होतं. ते त्याच्याकडे गेलं आणि तिला बदल्यात पेन्सहर्स्ट घ्यावं लागलं. रिचमंडचा राजवाडाही राजाला हवा झाला. नोकरांचे पगार, घरखर्च, थकलेली नेमणूक यांसाठी तिला दरबाराकडे आणि भावाकडेही वारंवार गाऱ्हाणं घालावं लागलं. १५४० मध्ये जे भरभक्कम वाटलं होतं ते एका माणसाच्या शब्दावर उभं होतं. तो माणूस गेला, कागद राहिले, आणि कागदांची किंमत दरवर्षी कमी होत गेली.

या वर्षांत तिने जपलं ते एक नातं, हेन्रीच्या मुलींशी असलेलं. एलिझाबेथ तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. मेरी फक्त काही महिन्यांनी. मेरीच्या खर्चाच्या वह्यांत दोघींमधल्या भेटवस्तूंच्या नोंदी सापडतात. या दोन्ही मुलींच्या आया त्याच रद्द विवाहांच्या बळी होत्या. १५५३ मध्ये एडवर्ड वारला आणि मेरी सिंहासनावर आली. ३० सप्टेंबरला तिच्या राज्याभिषेकाची मिरवणूक लंडनमधून निघाली, तेव्हा एकाच रथात राजकन्या एलिझाबेथ आणि ॲन शेजारी-शेजारी बसल्या होत्या. चंदेरी पोशाखातल्या त्या दोघींना पाहायला रस्त्यांवर लोटलेल्या लोकांपैकी अनेकांना, ही एकेकाळची राणी, एवढंच माहीत असेल.

मेरीने सत्तेवर येताच आपल्या आईचा विवाह वैध ठरवून घेतला. ॲननेही ती संधी हेरली. आपला विवाहही वैध ठरवला जावा, म्हणजे विधवा राणी म्हणून नेमणूक मिळेल आणि इंग्लंडबाहेर राहूनही ती घेता येईल, असा तिचा प्रयत्न असल्याची नोंद सम्राटाच्या दूतांनी केली आहे. तेरा वर्षांनंतरही घरी जाण्याचा विचार तिने सोडला नव्हता. तो बेत पुढे सरकला नाही. १५५४ च्या सुरुवातीला केंटमध्ये मेरीविरुद्ध वायटचं बंड झालं. एलिझाबेथवर संशय आला, आणि क्लीव्हच्या ड्यूकशी मिळून कट केल्याचा संशय ॲनवरही आला. काही सिद्ध झालं नाही. पण त्या उन्हाळ्यात मेरीने स्पेनच्या फिलिपशी लग्न केलं, त्याचं अभिनंदन करायला ॲनने हीव्हरहून पत्र पाठवलं आणि भेटीला यायची परवानगी मागितली. पूर्वी बोलावणं येत असे, आता विचारावं लागत होतं. यानंतर ती दरबारात फारशी दिसत नाही.

तिच्या घरातही शांतता नव्हती. तिचा बराचसा नोकरवर्ग जर्मन मुलखातला, एकमेकांत भांडणारा. त्यातल्या काहींचा तिच्यावर भलताच पगडा बसला आहे, अशी तक्रार भावाने मेरीकडे केली. १५५६ मध्ये राणीच्या सल्लागार मंडळाने तिच्या तीन नोकरांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. आपल्याच घरात कोणी राहावं आणि कोणी नाही, हे एक्केचाळिसाव्या वर्षीही भाऊ आणि दरबार मिळून ठरवत होते. स्वतंत्र घर असलेली, कोणाच्या अमलाखाली नसलेली स्त्री म्हणून आज तिचा गौरव होतो. त्या स्वातंत्र्याच्या कडा किती जवळ होत्या, हे या प्रकरणात दिसतं.

१५५७ च्या उन्हाळ्यात चेल्सीच्या वाड्यात ती आजारी पडली. याच वाड्यात एकेकाळी कॅथरिन पार विधवा म्हणून राहिली होती. सहा राण्यांपैकी आता फक्त ॲन उरली होती. जुलैच्या मध्याला तिने मृत्युपत्र केलं. हीव्हरसारख्या जहागिरी तिला हयातीपुरत्या मिळालेल्या, त्या राजसत्तेकडे परत जाणार होत्या. तिला वाटता येण्यासारखं होतं ते दागिने, रोकड आणि सामान. सगळ्यांत चांगला दागिना तिने राणी मेरीला ठेवला आणि नोकरांच्या पगाराची, देण्यांची काळजी घेण्याची विनंती केली. त्याखालोखालचा एलिझाबेथला दिला आणि आपल्या एका दासीला तिने सेवेत घ्यावं, असं सुचवलं. भावाला, भावजयीला आणि अविवाहित राहिलेल्या बहीण अमालियाला अंगठ्या ठेवल्या. मग खालपर्यंत यादी येते: परिवारातल्या स्त्रिया, वैद्य, धोबीण, घरात वाढवलेली मुलं, ज्या गावांत ती राहिली तिथले गरीब.

१६ जुलैला ती वारली, त्रेचाळिसावं वर्षही तिला लाभलं नाही. मेरीने तिचा अंत्यविधी राजघराण्याला साजेसा करवला. वेस्टमिन्स्टर ॲबीत मेरीने नुकतेच परत आणलेले बेनेडिक्टाइन भिक्षू होते. त्यांच्या उपस्थितीत कॅथलिक रीतीने ऑगस्टच्या सुरुवातीला तिला मुख्य वेदीच्या दक्षिणेला पुरण्यात आलं. हेन्रीच्या सहा राण्यांपैकी वेस्टमिन्स्टर ॲबीत समाधी आहे ती एकट्या ॲनची. तिच्या नोकरांना शोकाची काळी वस्त्रं मिळाली आणि पंधरा महिन्यांनी मेरीही वारल्यावर, ॲनशेजारी रथात बसलेली एलिझाबेथ इंग्लंडची राणी झाली. ती चव्वेचाळीस वर्षं राज्य करणार होती आणि आपल्या विवाहाचा निर्णय शेवटपर्यंत कोणाच्याही हाती देणार नव्हती.